वर्दळीच्या रस्त्यालगत चालण्याची आणि सायकलची वाट: ती कशी आखतात, कुठे फसते

एखाद्या वर्दळीच्या रस्त्यालगत पदपथ आणि सायकलमार्ग करायचे ठरले, की चर्चा बहुधा रुंदीपासून सुरू होते. पट्टी किती मीटरची मिळेल, तिला कोणता रंग द्यायचा, तिच्यासाठी पार्किंग हलवावे लागेल का, हे प्रश्न पहिल्याच बैठकीत निघतात. ते प्रश्न गैर नाहीत. पण आराखडा समोर आला की आधी शोधायची गोष्ट वेगळी असते, ती म्हणजे ही पट्टी कुठे कुठे तुटते. समजा, एक किलोमीटर लांबीच्या रस्त्याच्या एका बाजूला दहा गल्ल्यांची तोंडे, दोन चौक, तीन बसथांबे आणि वीस इमारतींची फाटके आहेत. म्हणजे त्या एका किलोमीटरात पस्तीस ठिकाणी कोणते ना कोणते वाहन ही पट्टी ओलांडणार आहे किंवा तिच्या वाटेत येऊन थांबणार आहे. चालणाऱ्याचा किंवा सायकलस्वाराचा मार्ग आणि गाडीचा मार्ग एकमेकांना छेदतात ते या पस्तीस जागी, आणि शहरांत सायकलींना बसणाऱ्या धडकांचा मोठा वाटा चौकांत व गल्ल्यांच्या तोंडाशी असतो. पैसा आणि कौतुक मात्र मधल्या सरळ तुकड्यांच्या वाट्याला येते, आणि चौक जवळ आला की रंगवलेली पट्टी काही न सांगता संपून जाते. ज्या जागी तिची सर्वांत जास्त गरज असते, नेमकी तिथेच ती नसते.

हे असे का होते आणि ते टाळण्यासाठी काय करता येते, हे समजून घ्यायचे तर आधी वेगाचा हिशेब पाहावा लागतो.

आधी वेग

ताशी ३० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात सव्वाआठ मीटर अंतर कापते, ताशी ५० ने जाणारी जवळजवळ चौदा मीटर. समोर काही आडवे आले, तर ते दिसून चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद तरी जातो आणि तेवढा वेळ गाडी पूर्ण वेगाने पुढे येतच राहते. रस्ता कोरडा असेल आणि ब्रेक चांगले लागले, तर त्यानंतर ३० च्या गाडीला थांबायला आणखी पाच मीटर लागतात आणि ५० च्या गाडीला आणखी चौदा. एकूण अंतर एकीला तेरा मीटरच्या थोडे पुढे, तर दुसरीला अठ्ठावीस मीटर. आता गाडीपासून साडेतेरा मीटरवर एक मूल रस्त्यात उतरले असे धरू. ३० च्या वेगातली गाडी त्याच्या पुढ्यात येऊन थांबते. ५० च्या वेगातली गाडी मुलापर्यंत पोचते तेव्हा चालकाचा पाय ब्रेकवर टेकलेलाही नसतो, त्यामुळे धडक पूर्ण ५० च्या वेगाने बसते. शिवाय धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून दोन्ही वेगांत वीसचाच फरक दिसत असला, तरी ५० च्या धडकेतली ऊर्जा ३० च्या धडकेच्या पावणेतीन पट असते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२१ या वर्षी जगभरात रस्त्यांवर सुमारे ११ लाख ९० हजार माणसे दगावली, आणि त्यांत २३ टक्के पादचारी व ६ टक्के सायकलस्वार होते. स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये ‘व्हिजन झिरो’ हे धोरण स्वीकारले तेव्हा त्यामागचा विचार या हिशेबाशी जोडलेला होता: माणूस चुका करणारच, म्हणून त्याच्या चुकीची शिक्षा मृत्यू होणार नाही असा रस्ता बांधणे ही रस्ता बांधणाऱ्याची जबाबदारी आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोम इथे झालेल्या जागतिक परिषदेच्या जाहीरनाम्यातही, जिथे पादचारी व सायकलस्वार आणि वाहने वारंवार एकमेकांत मिसळतात तिथे वेगमर्यादा ताशी ३० किलोमीटर असावी, असे म्हटले आहे.

यातून आखणीचा पहिला निर्णय निघतो. वाहनांचा वेग ३० पर्यंत खाली आणता येत असेल आणि त्यांची संख्याही कमी, म्हणजे दिवसाला साधारण दोन-अडीच हजारांच्या आत असेल, तर सायकली त्यांच्याबरोबर एकाच रस्त्यावरून चालू शकतात. त्यासाठी वेगळी पट्टी लागत नाही. वेग किंवा संख्या याच्या वर असेल, तर सायकलला स्वतःची जागा हवी, आणि ती नुसत्या पांढऱ्या रेघेने आखलेली नव्हे तर मध्ये काहीतरी भरीव अडसर असलेली हवी. वर्दळीचा रस्ता म्हटला की तो जवळजवळ नेहमी दुसऱ्या प्रकारात मोडतो. रेघ ओढणे स्वस्त असते, म्हणून ती ओढली जाते. पण रेघेने गाडी अडत नाही आणि पहिल्याच आठवड्यात तिथे गाड्या लावलेल्या दिसतात.

पट्टी कोणासाठी, हाही प्रश्न इथेच सोडवावा लागतो. अमेरिकेतील पोर्टलंड शहराच्या सायकलविषयक कामाचे समन्वयक रॉजर गेलर यांनी तिथल्या लोकांची एक ढोबळ विभागणी मांडली होती, ती पुढे बरीच गाजली. कसल्याही रहदारीत बेधडक सायकल चालवणारे एक टक्क्याहून कमी, थोडी सोय असली की पुरेसा आत्मविश्वास असणारे सुमारे सात टक्के, काहीही केले तरी सायकलवर न बसणारे सुमारे एकतृतीयांश, आणि उरलेले जवळपास साठ टक्के म्हणजे सायकल चालवायला आवडेल पण गाड्यांची भीती वाटते असे लोक. आज रस्त्यावर दिसणाऱ्या सायकली मोजून त्यांच्या सोयीने मार्ग आखला, तर तो पहिल्या दोन गटांसाठी होतो. भीती वाटणारा तो मोठा गट मोजणीत दिसतच नाही, कारण तो रस्त्यावर आलेलाच नसतो. आखणी त्याच्यासाठी करायची असते, आणि ती करताना दहा वर्षांचे मूल व सत्तरीतली व्यक्ती डोळ्यांसमोर ठेवली तर निर्णय सहसा चुकत नाही.

रस्ता वाचणे

नकाशावर रेघा मारण्याआधी रस्त्यावर उभे राहून पाहण्याला पर्याय नाही. अपघातांच्या पोलिसी नोंदी उपयोगी असतात, पण त्या अपुऱ्या असतात; विशेषतः सायकलस्वार स्वतःच घसरून पडला किंवा पादचाऱ्याला किरकोळ मार लागला तर त्याची नोंद बहुधा होतच नाही. मृत्यूच्या नोंदी त्यामानाने पक्क्या असतात, मात्र एखाद्या चौकात वर्षाला एक किंवा शून्य अशा आकड्यांवरून काही ठरवता येत नाही. म्हणून स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात ख्रिस्टर हायडेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थोडक्यात टळलेल्या धडका मोजण्याची पद्धत विकसित केली: कोणाला अचानक ब्रेक मारावा लागला, कोण दचकून मागे सरले, आणि त्या क्षणी दोघांत किती सेकंदांचे अंतर उरले होते. अशा घटना काही दिवसांच्या निरीक्षणातही पुरेशा संख्येने सापडतात, आणि कोणाचा जीव जाण्याची वाट पाहावी लागत नाही.

त्याहून सोपी खूण रस्त्यावरच असते. दुभाजकाला लोखंडी जाळी लावलेली असेल आणि तिचा एक गज वाकवून माणूस आडवा जाईल एवढी फट केलेली असेल, तर तिथे थोडा वेळ थांबून बघावे. फटीच्या अलीकडे एक दगड पायरीसारखा ठेवलेला असतो. पलीकडची माती पावलांनी दबून सिमेंटसारखी कठीण झालेली असते आणि तेवढ्या पट्ट्यात गवत उगवत नाही. वाकवलेल्या गजाचा रंग हाताच्या घर्षणाने उडून आतले लोखंड चकचकीत झालेले असते. याला बेशिस्त म्हणून मोकळे होता येते आणि तो गज पुन्हा सरळ करता येतो. महिनाभरात तो पुन्हा वाकतो. आखणी करणाऱ्याने मात्र तिथे खूण करून ठेवावी, कारण लोकांना रस्ता कुठे ओलांडायचा आहे याचे इतके नेमके उत्तर कोणत्याही सर्वेक्षणात मिळत नाही. बसथांबा एका बाजूला, बाजार किंवा शाळा दुसऱ्या बाजूला आणि जवळचे क्रॉसिंग तीनशे मीटरवर, असे काहीतरी कारण त्यामागे हमखास निघते.

अशा जागी पादचारी पूल बांधण्याचा मोह होतो. पुलाचा हिशेब एकदा मांडून पाहावा. खालून उंच वाहने जायची तर चालण्याची पातळी जमिनीपासून सहाएक मीटर वर जाते, म्हणजे जवळजवळ दोन मजले चढून पुन्हा उतरायचे. चाकाच्या खुर्चीसाठी १:१२ चा उतार द्यायचा म्हटले तर सहा मीटर चढायला ७२ मीटर लांबीचा रॅम्प लागतो, पलीकडे उतरायला तेवढाच, आणि मधले विसाव्याचे सपाट तुकडे वेगळे. चौदा मीटरचा रस्ता ओलांडण्यासाठी दीडशे मीटरहून जास्त चालायचे, असा तो व्यवहार आहे. द्रुतगती मार्गावर किंवा रेल्वेरुळांवर पुलाला पर्याय नसतो. पण शहरातल्या साध्या रस्त्यावर पूल बांधणे म्हणजे बहुतेकदा गाड्यांचा वेग कमी न करण्याची किंमत पायी चालणाऱ्याच्या गुडघ्यांकडून वसूल करणे होय. पूल रिकामा राहतो आणि खालून लोक धावत जातात, याचे मग आश्चर्य वाटू नये.

चोवीस मीटरांची वाटणी

रुंदीचा प्रश्न आता घेऊ. एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत २४ मीटरचा रस्ता आहे असे धरू. आज त्यात दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटरचे पदपथ, साडेतीन मीटरच्या चार मार्गिका, दोन्हीकडे अडीच मीटरचे पार्किंग आणि दोन मीटरचा दुभाजक आहे, बेरीज २४. सायकलला जागा कुठे आहे, असे विचारले तर उत्तर ‘कुठेच नाही’ असे येते. पण मार्गिका साडेतीन मीटरची ठेवणे ही महामार्गाची सवय आहे. शहरी वेगाला तीन मीटर पुरतात, आणि रुंद मार्गिकेत चालक नकळत जास्त वेग घेतो, त्यामुळे ती अरुंद करण्याने दोन कामे एकदम होतात. चार मार्गिका तीन-तीन मीटरच्या केल्या की बारा मीटर झाले. दोन्ही बाजूंना अडीच मीटरचे पदपथ, म्हणजे पाच. दोन मीटरचे एकदिशा सायकलमार्ग, म्हणजे चार. सायकल आणि गाडी यांच्या मध्ये पाऊण मीटरचा अडसर दोन्हीकडे, म्हणजे दीड. आणि दीड मीटरचा दुभाजक. बेरीज पुन्हा २४. यात पार्किंग गेले, हे लपवण्यात अर्थ नाही. या रुंदीत सगळ्यांना सगळे मिळत नाही आणि कोणाची जागा घेतली हे आराखड्यात स्पष्ट लिहिलेले असावे. नाहीतर ती पुढे अलगद पदपथातून कापली जाते.

पदपथाची रुंदी मोजताना कागदावरची नव्हे, मोकळी रुंदी मोजायची असते. समोरासमोर येणाऱ्या दोन चाकाच्या खुर्च्या एकमेकींना ओलांडू शकतील एवढी, म्हणजे १.८ ते २ मीटर जागा सलग मोकळी हवी. विजेचा खांब, झाड, वाहतुकीची पाटी, केबलची पेटी हे सगळे त्या रुंदीबाहेर, रस्त्याच्या कडेच्या पट्ट्यात जायला हवे. अडीच मीटरच्या पदपथात मधोमध खांब असेल तर तो दोन अरुंद बोळांचा पदपथ असतो, अडीच मीटरचा नव्हे.

सायकलस्वार उभा असताना पाऊण मीटर जागा व्यापतो, पण चालताना तोल सावरण्यासाठी तो किंचित डावीउजवीकडे झुकत असल्याने त्याला एक मीटर लागतो, आणि भिंत किंवा कठडा लगत असेल तर आणखी थोडे. दोन मीटरमध्ये एक सायकल दुसरीच्या पुढे जाऊ शकते. दीड मीटरमध्ये सगळी रांग सर्वांत हळू चालणाऱ्याच्या मागे अडकते आणि घाईत असलेले गाड्यांच्या मार्गिकेत उतरतात. पार्किंग ठेवणे भाग असेल, तर उभ्या गाड्या सायकलमार्ग आणि धावत्या गाड्या यांच्या मध्ये आणाव्यात. न्यूयॉर्कने २००७ मध्ये नाइन्थ ॲव्हेन्यूवर हाच क्रम लावला. मात्र उघडणारे दार सायकलमार्गात येऊ नये म्हणून जवळपास एक मीटरची मोकळी पट्टी त्यांच्या मध्ये सोडावी लागते. उभ्या गाड्यांच्या दुसऱ्या अंगाला, म्हणजे दार आणि धावती रहदारी यांच्या चिमट्यात आखलेली सायकलपट्टी माझ्या मते नसलेलीच बरी, कारण अननुभवी माणूस तिच्यावर विश्वास ठेवून दाराच्या कक्षेतून जात राहतो.

गल्लीचे तोंड

आता ज्या जागांवर खरी परीक्षा असते तिकडे वळू. मोठ्या रस्त्याला येऊन मिळणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी नेहमीची रचना अशी असते: पदपथ संपतो, चालणारा खाली उतरतो, गल्ली ओलांडतो आणि पुन्हा चढतो. ही रचना चालकाला सांगते की जमीन गाडीची आहे आणि पाहुणा आहे तो पादचारी. ती उलटी करता येते. पदपथ आणि सायकलमार्ग त्याच पातळीवर, त्याच फरशीने किंवा त्याच रंगाने गल्लीच्या तोंडावरून सलग पुढे न्यायचे आणि गाडीला छोटा चढ चढून, ते ओलांडून, पुन्हा उतरायला लावायचे. वेगळ्या पाटीची गरज राहत नाही. चढ आला की चालक आपोआप पहिल्या गिअरवर येतो. नेदरलँड्स आणि डेन्मार्कमध्ये हे इतके रुळलेले आहे की तिथल्या लोकांना त्यात सांगण्यासारखे काही वाटत नाही.

कोपऱ्याच्या गोलाईलाही तेवढेच महत्त्व आहे. मोठ्या त्रिज्येचा, ऐसपैस गोल कोपरा असेल तर गाडी वेग न सोडता वळते. कोपरा काटकोनाच्या जवळ आणला तर तिला जवळजवळ थांबून वळावे लागते. अग्निशमन दलाच्या गाडीला वळता येणार नाही, ही हरकत इथे हमखास येते आणि ती योग्यही आहे. तिच्यासाठी कोपऱ्याचा काही भाग चढून जाता येईल असा, खडबडीत आणि थोडा उंच करतात. मोठे वाहन त्यावरून जाते, छोट्या गाडीचा चालक त्या वाटेला जात नाही. कोपऱ्यापासून आठ-दहा मीटरपर्यंत काहीही उभे राहू न देणे हे मात्र सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम आहे. तिथे एक टेम्पो उभा राहिला तर वळणाऱ्या चालकाला सायकलस्वार दिसतो तो धडकेच्या एक सेकंद आधी.

जागा वाचते म्हणून दोन्ही दिशांच्या सायकली एकाच बाजूच्या रुंद मार्गावरून नेण्याची कल्पना वारंवार पुढे येते. नदीकाठी, रुळांलगत किंवा जिथे एका बाजूला गल्ल्याच नाहीत तिथे ती उत्तम आहे. गल्ल्या असलेल्या बाजूला मात्र ती धोकादायक ठरते, आणि त्याचे कारण चालकांच्या नजरेत आहे. फिनलंडमध्ये १९९० च्या दशकात झालेल्या अभ्यासांत असे दिसले, की मोठ्या रस्त्यावर वळण्यासाठी थांबलेले चालक ज्या दिशेने गाड्या येतात तिकडेच पाहतात आणि दुसऱ्या दिशेने येणाऱ्या सायकलकडे त्यांचे लक्षच जात नाही. ते निष्काळजी असतात असे नव्हे. त्या बाजूने धोका येत नाही हे त्यांच्या डोळ्यांनी वर्षानुवर्षे शिकलेले असते. ती सवय फलक लावून मोडत नाही.

चौक

चौकातला सर्वांत वाईट प्रसंग एकच आहे आणि तो जगभर सारखाच घडतो. वाहने डावीकडून चालतात अशा देशातले चित्र घेऊ. सिग्नलवर एक मालट्रक थांबला आहे, त्याला डावीकडे वळायचे आहे. त्याच्या डाव्या अंगाला, कडेच्या पट्टीत, एक सायकल येऊन उभी राहते. तिला सरळ जायचे आहे. चालकाची बसण्याची जागा उंच आणि उजवीकडे असते, त्यामुळे डाव्या दाराच्या खालची जागा त्याला खिडकीतून दिसत नाही आणि आरशातही ती पूर्ण येत नाही. हिरवा लागतो, दोघे एकदम निघतात. ट्रकचे पुढचे चाक रुंद वळण घेते, म्हणून सायकलस्वाराला वाटते की ट्रक सरळच चालला आहे. पण मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, ती कोपरा कापत आत येतात. सायकल तोवर ट्रकच्या मध्यावर असते आणि तिच्या डावीकडे पदपथाची कड असते. दोघांनीही नियम मोडलेला नसतो.

या प्रसंगावर डच अभियंत्यांनी काढलेला तोडगा भूमितीचा आहे. सायकलमार्ग चौकाच्या आधी रस्त्यापासून थोडा लांब, साधारण एका गाडीच्या लांबीइतका, म्हणजे पाचेक मीटर आत वळवायचा आणि कोपऱ्यावर एक छोटे भरीव बेट ठेवायचे. त्यामुळे वळणारे वाहन सायकलला छेदते तेव्हा त्याने वळण जवळपास पुरे केलेले असते. सायकलस्वार त्याच्या बगलेत नव्हे तर काचेसमोर असतो आणि दोघे एकमेकांना काटकोनात पाहतात. मधल्या पाच मीटरांत एक गाडी थांबून राहू शकते, त्यामुळे मागच्या गाड्यांच्या हॉर्नचा दबाव चालकावर येत नाही. बेटामुळे वळण घट्ट होऊन वेगही उतरतो. लाल दिव्यावर सायकली गाड्यांच्या पुढे, त्यांना दिसतील अशा थांबतात.

सिग्नलच्या वेळेतही बरेच करता येते. पादचाऱ्यांचा हिरवा दिवा गाड्यांच्या हिरव्याच्या तीन ते सात सेकंद आधी लावला, तर गाडी वळायला निघेपर्यंत चालणारा क्रॉसिंगच्या मधोमध, ठळक दिसेल अशा जागी पोचलेला असतो. अमेरिकेच्या संघीय महामार्ग प्रशासनाच्या संकलनानुसार एवढ्या एका बदलाने चौकातल्या पादचाऱ्यांच्या अपघातांत १३ टक्के घट होते, आणि त्याला खोदकाम लागत नाही. हिरवा दिवा किती वेळ असावा हे चालण्याच्या गृहीत वेगावरून ठरते. परंपरेने तो सेकंदाला १.२ मीटर धरला जातो. म्हणजे चौदा मीटरच्या रस्त्याला बारा सेकंद. काठी टेकत चालणाऱ्याचा वेग ०.८ मीटर असेल तर बारा सेकंदांत तो साडेनऊ मीटर जातो. दिवा बदलतो तेव्हा त्याच्यापुढे एक अख्खी मार्गिका उरलेली असते आणि तिच्यातल्या गाड्या गिअर टाकून तयार असतात.

चौकांच्या मधल्या, सिग्नल नसलेल्या क्रॉसिंगबद्दल एक उलटा वाटणारा निष्कर्ष सांगायलाच हवा. अमेरिकेत ३० शहरांतली रंगवलेली एक हजार आणि न रंगवलेली एक हजार क्रॉसिंग तपासणाऱ्या, २००५ मध्ये पूर्ण झालेल्या अभ्यासात असे आढळले, की दिवसाला बारा हजारांहून जास्त वाहने जाणाऱ्या, बहुमार्गिका असलेल्या आणि दुभाजक नसलेल्या रस्त्यावर नुसते पट्टे रंगवलेल्या जागी पादचाऱ्यांच्या अपघातांचे प्रमाण न रंगवलेल्या जागांपेक्षा जास्त होते. त्यामागचे एक ठळक कारण असे: पहिल्या मार्गिकेतली गाडी माणसाला पाहून थांबते, माणूस निर्धास्तपणे पुढे येतो, पण थांबलेल्या गाडीच्या आडोशामुळे दुसऱ्या मार्गिकेतल्या चालकाला तो दिसत नाही. पट्टे रंगवू नयेत असा याचा अर्थ नव्हे. पट्ट्यांबरोबर मध्ये थांबायला बेट, उंचवटा किंवा सिग्नल हवा, असा आहे. मधल्या बेटामुळे रस्ता दोन टप्प्यांत ओलांडता येतो आणि एका वेळी एकाच दिशेला पाहावे लागते. त्याच प्रशासनाच्या संकलनात अशा बेटाने पादचाऱ्यांच्या अपघातांत ५६ टक्के घट नोंदवली आहे. बेट दोन मीटर रुंद हवे, कारण सायकलची लांबी सुमारे १.८ मीटर असते आणि बाबागाडी ढकलणाऱ्यालाही तेवढेच लागतात. आपल्या २४ मीटरांच्या वाटणीत दुभाजक दीड मीटरचाच होता, हे वाचकाच्या लक्षात असेल. क्रॉसिंगच्या जागी सायकलमार्गाचे दोन्ही अडसर पाऊण मीटरवरून अर्ध्या मीटरवर आणले की अर्धा मीटर सुटतो आणि बेट दोन मीटरचे होते.

बसथांब्यावर सायकलमार्ग थांब्याच्या मागून नेतात, म्हणजे बस कडेला येताना सायकलला चिरडत नाही. पण बसमधून उतरणाऱ्याला तो मार्ग ओलांडावा लागतो, म्हणून तिथे तो पदपथाच्या पातळीवर उचलून अरुंद करावा आणि दृष्टिहीनांसाठी स्पर्शाने कळणारी फरशी बसवावी. गटाराच्या जाळीचे गज सायकलच्या दिशेला आडवे असावेत. समांतर असले तर पुढचे चाक त्यात अडकते आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो.

एक मार्ग पुरत नाही

नेदरलँड्समध्ये सायकल आधीपासूनच सुखात होती, असा समज आहे. १९७१ मध्ये त्या देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. त्यातूनच ‘मुलांची हत्या थांबवा’ अशा अर्थाच्या नावाची चळवळ उभी राहिली आणि पुढे १९७३ च्या तेलसंकटाने सरकारलाही वेगळा विचार करायला लावले. तिथे सरकारने आधी हेग आणि टिलबर्ग या शहरांत एकेक देखणा नमुनामार्ग बांधला. त्या मार्गांवर सायकलींची गर्दी झाली, पण शहरातले सायकल चालवण्याचे एकूण प्रमाण फारसे वाढले नाही, कारण घरापासून त्या मार्गापर्यंतची वाट तशीच धोक्याची राहिली होती. मग १९८० च्या दशकात डेल्फ्टमध्ये तुटक दुवे जोडून पूर्ण जाळे तयार करण्याचा प्रयोग झाला. स्पेनच्या सेव्हिल शहराने हाच धडा घेऊन २००६ नंतरच्या काही वर्षांत सुमारे १२० किलोमीटरचे, एकमेकांना जोडलेले आणि गाड्यांपासून वेगळे केलेले मार्ग झपाट्याने बांधले, आणि जिथे सायकल जवळजवळ दिसतच नव्हती तिथे ती रोजच्या वापरात आली. ऑस्लोमध्ये २०१९ या पूर्ण वर्षात एकही पादचारी किंवा सायकलस्वार रस्त्यावर दगावला नाही. त्यामागे वर्षानुवर्षे उतरवलेली वेगमर्यादा आणि मध्यवर्ती भागातून हलवलेले पार्किंग होते.

पक्के काम करण्याआधी तात्पुरत्या साहित्याने चाचणी घेणे शहाणपणाचे असते. प्लास्टिकचे खांब, रंग, कुंड्या यांनी कोपरा घट्ट करून पाहता येतो आणि चुकला तर आठवड्यात बदलता येतो. पॅरिसने २०२० मध्ये असे तात्पुरते आखलेले अनेक सायकलमार्ग नंतर कायमचे केले. चाचणीचा निकाल वाचताना एका सापळ्यापासून सावध राहावे. एखाद्या चौकात एका वर्षी योगायोगाने जास्त अपघात झाले म्हणून तो निवडला, तर काहीही न करताही पुढच्या वर्षी तिथला आकडा खाली येण्याचीच शक्यता जास्त असते. म्हणून सुधारणेच्या आधीची तीन-चार वर्षे धरावीत, तसाच पण न बदललेला एक चौक तुलनेला घ्यावा, आणि अपघातांबरोबर गाड्यांचा प्रत्यक्ष वेग मोजावा. वेगात झालेला बदल काही दिवसांतच कळतो. त्याच मोजणीत, पदपथ असूनही रस्त्यावरून चालणाऱ्यांची आणि सायकलमार्ग असूनही मार्गिकेत उतरणाऱ्यांची वेगळी नोंद ठेवावी, आणि ते नेमके कोणत्या जागी उतरतात तिथे नकाशावर ठिपका द्यावा. ठिपके एका जागी दाटलेले दिसले की तिथे जाऊन पाहावे. बहुधा उखडलेली फरशी, आडवी लावलेली दुचाकी, साचलेले पाणी किंवा आराखड्यात नसलेला एखादा खांब सापडतो.